करार बडोद्याचा, उधारी दोस्ताची: परदेशी शिकायला बाबासाहेब दोनदा कसे निघाले

जून-जुलै उजाडला की आपल्याकडच्या घराघरांत एकच चर्चा असते. कुणाचा व्हिसा आला, कुणाचं कर्ज बँकेत अडकलंय, कुणाच्या बॅगेचं वजन दोन किलोनं जास्त भरतंय. बेळगाव असो, बडोदा असो की इंदूर, आईची चटणी-मेतकुटाची डबी बॅगेत बसते की नाही यावरून वाद ठरलेला. बाप मात्र गप्प असतो. त्याच्या डोक्यात हप्त्याचं गणित चाललेलं असतं.

या दिवसांत एका मुलाची गोष्ट परत एकदा वाचावी असं वाटतं. हा मुलगा एकदा नव्हे, दोनदा परदेशी शिकायला निघाला. पहिल्या वेळी एका राजाचा करार खिशात होता. दुसऱ्या वेळी स्वतःची बचत आणि मित्राची उधारी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्याला संविधानाचे शिल्पकार म्हणून ठाऊक आहेत, पण बाविसाव्या वर्षी बोटीवर चढलेला भीमराव मात्र फारसा कुणी डोळ्यांपुढे आणत नाही.

महू ते परळ

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, इंदूरजवळच्या महू छावणीतला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार, तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक. चौदा भावंडांतलं हे शेंडेफळ. वडिलांची नोकरी संपल्यावर कुटुंब दापोली, सातारा करत मुंबईला आलं आणि परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत राहू लागलं. स्वयंपाक, झोप, अभ्यास सगळं त्याच खोलीत. रामजी लवकर निजायचे आणि रात्री दोनच्या सुमारास उठून पोराला अभ्यासाला बसवायचे. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा एखादा दागिना मागून आणायचे आणि गहाण ठेवायचे. परदेशी शिक्षणाची तयारी खरं तर इथूनच सुरू झाली होती, फक्त तेव्हा ते कुणाला माहीत नव्हतं.

चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा वाचत बसायचा. तिथं त्याला कृष्णाजी अर्जुन केळुसकर भेटले. केळुसकर गुरुजी शिक्षक होते, लेखक होते. भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. कॉलेजचा खर्च रामजींना झेपेना, तेव्हा गुरुजींनीच त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांपुढे नेऊन उभं केलं. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी.ए. झाला.

इथं थोडं थांबून बघा. मुलगा जन्मला महूत, मूळ कोकणातला, शिकला साताऱ्यात आणि मुंबईत. बडोदा संस्थानाचा तो रहिवासी नव्हता. तरी पैसे बडोद्याहून आले. आज आपल्या सीमाभागातल्या पोराला कुठल्याही योजनेचा अर्ज भरताना पहिला प्रश्न येतो तो रहिवासी दाखल्याचा. मराठी असून महाराष्ट्राचा नाही आणि इथं राहून भाषेनं परका, अशी त्याची गत होते. ११० वर्षांपूर्वी एका मराठी राजानं ही अडचण मानली नव्हती, एवढं लक्षात ठेवू.

सुरतचं स्टेशन

बी.ए. झाल्यावर वडिलांच्या मनाविरुद्ध भीमराव बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. १९१३ चा जानेवारी महिना होता. जातीमुळे तिथं राहायचे-जेवायचे हाल सुरू झाले. जेमतेम काही दिवस झाले असतील, तोच मुंबईहून वडील आजारी असल्याची तार आली. भीमराव तडक निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली. मुंबईला पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजी पोराचीच वाट बघत होते. पाठीवरून हात फिरवला आणि डोळे मिटले. तारीख होती २ फेब्रुवारी १९१३.

वडील गेले, घरावर ओझं आलं. बायको रमाबाई, कडेवरचा यशवंत, भावाचं कुटुंब. अशा वेळी कुणीही बडोद्याची नोकरी धरून बसला असता. भीमरावांना परत तिथं जायचं नव्हतं. त्याच सुमारास महाराज मुंबईत होते आणि काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायचा त्यांचा विचार चालला होता. भीमराव जाऊन भेटले, अर्ज केला आणि त्यांची निवड झाली.

४ जून १९१३ ला बडोद्यात करारावर सही झाली. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. ठरवून दिलेले विषय शिकायचे आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. आजच्या भाषेत हा बाँडच. बावीस वर्षांच्या मुलानं आयुष्याची पुढची तेरा वर्षं एका कागदावर लिहून दिली.

सही आणि न्यूयॉर्क यांत अंतर किती? जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोचलेही. म्हणजे दीड महिना, त्यातही बरेचसे दिवस बोटीवर. तेव्हा आजच्यासारखी व्हिसाची रांग नव्हती, भाषेची परीक्षा नव्हती. पण तिथं उतरल्यावर न्यायला येणारं ओळखीचंही कुणी नव्हतं. घरी काय ठेवून निघाले? पदरात लहान मूल असलेली बायको आणि चाळीतली खोली.

पहिले महिने

सुरुवात काही फार दिमाखात झाली नाही. विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये खोली मिळाली, पण तिथल्या जेवणात गोमांस आणि अर्धकच्चे पदार्थ. आठवडाभरात ते सोडलं. मग काही भारतीय विद्यार्थी राहत होते त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये मुक्काम पडला. तिथं सोबती मिळाला तो नवल भथेना नावाचा पारशी तरुण. हे नाव नीट लक्षात ठेवा, पुढं दोनदा येणार आहे.

पहिले काही महिने मित्र, गप्पा, फिरणं यातच गेले. हे कुणी लपवून ठेवलेलं नाही. नव्या देशात पोचलेल्या पोराचं आजही असंच होतं. पंगतीत सगळ्यांबरोबर बसता येतं, दारातून कुणी हाकलत नाही, हा अनुभवच भीमरावांना नवा होता. पण एका रात्री त्यांनी स्वतःचा हिशेब मांडला. घरची माणसं कशात दिवस काढतायत, महाराजांनी कशासाठी पाठवलंय, मुदत किती उरली. त्या दिवसापासून चैन बंद झाली. पुढं दिवसाला अठरा-अठरा तास अभ्यास चालायचा.

विषय किती घ्यावेत? अर्थशास्त्र मुख्य, पण इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र असं जे जमेल ते. अर्थशास्त्राला सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई असे शिक्षक. साडेअकरा पौंडांतून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यात भागवायचं. नाटक-सिनेमा नाही, बाहेरचं खाणं नाही, जेवणातही काटकसर. एक मात्र व्यसन होतं, जुन्या पुस्तकांचं. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं जमवली. ती घरी आणण्यासाठी एका ओळखीच्याकडे सोपवली आणि त्यातली बरीचशी वाटेतच गहाळ झाली.

१९१५ मध्ये एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. पीएच.डी.चा प्रबंधही पूर्ण केला. पदवी मात्र प्रबंध छापून झाल्यावर १९२७ मध्ये हाती आली.

आता अमेरिका पुरे, लंडन गाठायचं. १९१६ च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. एकीकडे अर्थशास्त्राची डी.एस्सी., दुसरीकडे बॅरिस्टरी. आणि इथंच शिष्यवृत्ती संपली. बडोद्याहून परत बोलावणं आलं.

अर्धवट टाकून यावं लागणं हे काय असतं, ते ज्याच्यावर गुदरतं त्यालाच कळतं. प्रा. एडविन कॅनन यांच्या मदतीनं एवढंच साधलं, की चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुढं चालू करायची परवानगी मिळाली. ऑगस्ट १९१७ मध्ये भीमराव मुंबईत उतरले. महायुद्ध चालू होतं. त्यांचं सामान दुसऱ्या बोटीनं निघालं होतं, ती बोट बुडवली गेली. पुस्तकं, कागद सगळं समुद्रात. त्या सामानाची नुकसानभरपाई म्हणून ६०० रुपये मिळाले. तेच पैसे बडोद्याला जायला कामी आले.

अकरा दिवस

करार पाळायला हवा होता. सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्याला गेले. महाराजांनी त्यांना पुढं अर्थमंत्री करायचं मनात धरलं होतं, अनुभव यावा म्हणून आधी लष्करी सचिवाचं पद दिलं. कोलंबियाचा एम.ए., लंडनला नाव नोंदवून आलेला माणूस. पण कचेरीतला शिपाई हातात कागद देईना, लांबून टेबलावर फेकी. कचेरीत प्यायला पाणी मिळेना.

राहायचं कुठं? हिंदू खाणावळीत थारा नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून वरच्या मजल्यावर जागा मिळवली. मोठा रिकामा दिवाणखाना, अडगळ, एक मिणमिणता कंदील आणि हे एकटेच. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघणार, तर डझनभर पारशी माणसं हातात काठ्या घेऊन जिना चढून आली. खोली संध्याकाळपर्यंत खाली करायचा हुकूम झाला. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती. दोघांकडे निवारा मागून पाहिला, दोघांनीही काही ना काही सांगून टाळलं. सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता, त्याचाही निकाल लागेना. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. ते पाच तास भीमरावांनी कामाठीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले आणि गाडीत बसले. दहा वर्षांचा करार तिथंच संपल्यात जमा झाला.

बडोद्याच्या वाचकांना ती जागा ठाऊक आहे. आज तिला संकल्पभूमी म्हणतात. हा सगळा प्रसंग बाबासाहेबांनी पुढं इंग्रजीत लिहून ठेवला. त्या छोट्या लेखनाचं नाव वेटिंग फॉर अ व्हिसा. परदेशी जाण्याबद्दलचं असेल असं नावावरून वाटतं. आत आहे ते आपल्याच देशात, आपल्याच माणसांच्या दारात ताटकळत उभं राहण्याबद्दल. ज्याला न्यूयॉर्कमध्ये खोली मिळाली त्याला बडोद्यात मिळाली नाही, यावर आणखी काही बोलायची गरज नाही.

चार वर्षांची मुदत

मुंबईत परतले तेव्हा डोक्यात एकच गोष्ट, लंडनची मुदत चाललीय. शिकवण्या केल्या, सल्लागाराचं काम करून पाहिलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. त्या काळी हा पगार मोठाच. तिथंही काही सहकाऱ्यांना यांनी सगळ्यांच्या माठातलं पाणी प्यावं हे रुचेना.

एवढा पगार असून हे कुटुंब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिलं. घरखर्चाची ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हातात पडायची, बाकीचे पैसे लंडनसाठी बाजूला. रमाबाईंनी त्यात घर चालवलं. गाठीला फार काही नाही, पोटची मुलं दगावण्याचं दुःख पदरी आलेलं, तरी त्यांनी नवऱ्याची बचत मोडली नाही. परदेशी शिकून आलेल्या माणसाचं कौतुक होतं. मागं राहून चूल पेटती ठेवणाऱ्या बाईचं नाव पदवीच्या कागदावर कुठं येत नाही.

याच काळात कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज आणि बाबासाहेब जवळ आले. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक पाक्षिक निघालं, त्याला शाहू महाराजांनी पैशाचा हातभार लावला. मार्चमध्ये कागल संस्थानातल्या माणगावला परिषद झाली. निपाणी-बेळगावकडच्यांना ते गाव हाकेच्या अंतरावरचं. तिथं महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला.

म्हणजे बघा, लोक पुढारी म्हणून स्वीकारतायत, पाक्षिक नुकतं सुरू झालंय, नोकरी चांगली चाललीय, आणि हा माणूस राजीनामा देऊन परत विद्यार्थी व्हायला निघालाय, एकोणतीस वर्षांचा असताना. चळवळ मागं पडेल, पाक्षिक बंद पडेल ही भीती होतीच. मूकनायक पुढं खरोखरच बंद पडलं. पण अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं केल्याशिवाय आपल्या शब्दाला सरकार दरबारी वजन येणार नाही, हा त्यांचा हिशेब पक्का होता.

पैसे जमवले ते असे: स्वतःची बचत, नवल भथेनाकडून पाच हजार रुपये उसने आणि शाहू महाराजांची मदत. या खेपेला दहा वर्षांचा बाँड नव्हता. सगळं कर्ज मैत्रीवर मिळालेलं. जुलै १९२० मध्ये बोट सुटली.

पापडाचे चार तुकडे

लंडनमध्ये प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात खोली घेतली. घरमालकीण कडक. सकाळी पावाचा तुकडा, थोडं मासळीचं किंवा मुरांब्याचं काहीतरी आणि कपभर पेय. मग पायी चालत ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात. दार उघडायला हे हजर आणि बंद करायची वेळ झाली की शिपायानं यांना उठवायचं. दुपारचं जेवण बहुधा बुडालेलंच. संध्याकाळी खोलीवर येऊन परत वाचन. रात्री दहाच्या सुमारास भूक असह्य व्हायची. एका ओळखीच्या गुजराती गृहस्थानं पापडांचं बंडल दिलं होतं. त्यातले चार तुकडे भाजायचे, कपभर दूध घ्यायचं आणि पहाटेपर्यंत पुस्तक. आपल्या आया बॅगेत पापड कोंबतात तेव्हा पोरं कुरकुरतात. त्यांना हे जरूर सांगा.

मुदत पाळली गेली. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. मे १९२२ मध्ये शाहू महाराज गेले. ज्यांच्या मदतीनं आलो त्यांना पदवी दाखवायची राहून गेली. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध विद्यापीठाला दिला आणि मधल्या काळात जर्मनीत बॉनलाही जाऊन आले. प्रबंधातली ब्रिटिश धोरणावरची टीका परीक्षकांना झोंबली. निष्कर्ष तेच ठेवून मांडणी बदला असं सांगण्यात आलं. तोवर खिसा रिकामा झाला होता. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतले, इथूनच दुरुस्ती करून प्रबंध पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली.

बॅरिस्टरीही झाली होती, पण वकिलीची सनद घ्यायला पैसे नव्हते. तेही नवल भथेनानंच दिले. पारशांच्या काठ्या बडोद्यात होत्या आणि पारशी दोस्ताचा हातही होता. दोन्ही खरं.

परत आल्यावर

शिकून आलेला माणूस काय करतो, यावर त्याच्या शिक्षणाची किंमत ठरते असं जुनी माणसं म्हणायची. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली, पुढच्याच जानेवारीत सोलापूरला विद्यार्थ्यांचं वसतिगृह सुरू झालं. ज्याला बडोद्यात खोली मिळाली नाही, त्यानं परतल्यावर पहिल्या कामांत वसतिगृहाचं काम हाती घ्यावं, यात नवल नाही. १९२५ मध्ये आपल्या निपाणीत परिषद भरली. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून वर्षाला तीन लाख रुपये मंजूर करून घेतले. आपल्याला मिळालेले २५ रुपये आणि साडेअकरा पौंड त्यांनी असे पुढं पोचवले.

१९५२ च्या जूनमध्ये कोलंबिया विद्यापीठानं त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. पहिल्यांदा तिथं पाऊल ठेवलं त्याला ३९ वर्षं होत आली होती. पुढच्या वर्षी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानंही तसाच मान दिला. हे बघायला रमाबाई नव्हत्या. त्या १९३५ मध्येच गेल्या होत्या.

आता यंदा निघालेल्या आपल्या पोरापोरींसाठी. कागदपत्रं, कर्ज, विमा यांची यादी तुमच्याजवळ असेलच. त्यात आणखी काही नावं लिहून ठेवा. पैसे कुणी दिले, जामीन कोण राहिलं, कुणाचे दागिने गहाण पडले, मागं घर कोण सांभाळणार. बाबासाहेबांच्या यादीत रामजी होते, बहिणी होत्या, केळुसकर गुरुजी, सयाजीराव, शाहू महाराज, नवल भथेना आणि रमाबाई होत्या. निघायच्या आधल्या रात्री आपली यादी एकदा वाचा. पहिले काही महिने हातातून निसटायला लागले की परत वाचा.

आणि हो, पापड न्याच.